पायजमा सरांचं शिफारसपत्र

पायजमा सरांना मी पायजम्यात कधीच पाहिलं नाही. ढगळ पँट, अर्ध्या बाहीचा शर्ट आणि उन्हाळ्यात डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, असा वऱ्हाडातल्या कुठल्याही मास्तराचा असतो तोच त्यांचा वेश होता. पायजमा असायचा त्यांच्या पिशवीत. पांढरा, लांब आणि बिननाडीचा. राजापेठेतल्या ज्या शिंप्याने तो शिवला त्याने नाडीचं विचारलं तेव्हा सर म्हणाले होते, "नाडी नोको टाकू. नाडीनं विषय बदलते." शिंपी पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगत असे. सरांची अमरावतीतली कीर्ती म्हणायची तर एवढीच.

एम.एस्सी.च्या पहिल्या तासाला तो पायजमा टेबलावर पसरला जाई आणि सर विचारत, "याले भोकं किती?" मुलं हसत. एखादा धीट मुलगा म्हणे, तीन. सर म्हणत, "मोज परत. वरचं भोक हे खालच्या दोन्हींचं मिळूनच झालं हाये. त्याले अलग कावून मोजतं?" इथून टोपॉलॉजी सुरू होई. वस्तू ताणली, दाबली, पिळली तरी तिच्यातलं काय बदलत नाही, याचं हे शास्त्र. त्यात लांबी-रुंदीला किंमत नसते. "किती दूर हाये ते आपल्या विषयात इचारत नाहीत," सर सांगत. "जोडलेलं हाये का तुटलेलं, एवढंच पाहतेत." वर्गातल्या निम्म्या मुलांना बी.एड. करायचं असे आणि उरलेल्यांना बँकेची परीक्षा द्यायची असे. ती वहीत तारीख घालून पुढच्या वाक्याची वाट पाहत.

मी अकोल्याची. वडील वकील. त्यामुळे सर मला पहिल्यापासून 'वकीलबाई' म्हणत. मी वाद घालते म्हणूनही असेल. पीएच.डी.साठी माझे अधिकृत मार्गदर्शक म्हणजे विद्यापीठातले विभागप्रमुख. त्यांनी माझ्या प्रबंधावर सही केली आणि मुखपृष्ठाचा रंग सुचवला. शिकवलं पायजमा सरांनी. ते अमरावतीतल्या एका कॉलेजात नुसते प्राध्यापक होते, त्यांना संशोधक विद्यार्थी घेण्याची मान्यता नव्हती. त्यांची स्वतःची पीएच.डी. चोपन्नाव्या वर्षी झाली. नोकरी, अंजनगावची शेती, भावांचे संसार या सगळ्यांतून उरलेल्या वेळात त्यांनी ती केली होती, आणि ज्या वृद्ध गुरूंकडे नागपूरला जाऊन केली ते पुढच्याच वर्षी वारले. त्यानंतर पृष्ठभागावर काढलेल्या दोन वक्ररेषा एकमेकींना कमीत कमी किती वेळा छेदतील, हा सरांचा प्रश्न ज्याला सांगावा असं आसपासच्या चार जिल्ह्यांत कोणी उरलं नाही.

म्हणून दर शनिवारी मी सकाळच्या गाडीने अकोल्याहून बडनेऱ्याला उतरे, तिथून ऑटोने कॉलेजात जाई. सर रिकाम्या वर्गात फळा पुसून बसलेले असत. मी दार उघडलं की 'ये' नाही, 'बस' नाही. गेल्या शनिवारी अर्धवट राहिलेलं वाक्य ते पुढे चालू करत. मधले सात दिवस त्यांनी ते तोंडात धरून ठेवलेलं असे. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. माणूस सात दिवस एक वाक्य का धरून ठेवतो, हे पुढे अकोल्याच्या कॉलेजात नोकरी लागून तिथल्या स्टाफरूममध्ये बसायला लागल्यावर मला कळलं.

आमच्या भागात आंतरराष्ट्रीय परिषदा पुष्कळ होतात. एक पाहुणा नेपाळचा असला किंवा कोणा परदेशस्थ मेहुण्याने व्हिडिओवरून शुभेच्छा दिल्या की परिषद आंतरराष्ट्रीय होते. दीपप्रज्वलनाला पाऊण तास, सत्कारांना दोन तास आणि शोधनिबंधाला प्रत्येकी चार मिनिटं. सर या परिषदांना नियमाने जात आणि चार मिनिटांसाठी चाळीस मिनिटांची तयारी करत. एकदा अध्यक्षांनी दुसऱ्या मिनिटालाच घंटी वाजवली, कारण वरण-भात थंड होत होता. सर म्हणाले, "बरोबर हाये त्याचं. भात थांबत नाही. प्रमेय थांबते."

पण खरी परिषदही असते, हे त्यांना माहीत होतं. जगातले टोपॉलॉजीवाले दर काही वर्षांनी कुठे तरी जमतात आणि नव्या संशोधकांना येता यावं म्हणून विमानभाड्याची, राहण्याची सोय करतात. अशा सोयीची सूचना सर स्वतः छापून आणत आणि कॉलेजच्या बोर्डावर लावत. दुसऱ्या दिवशी तिच्यावर क्रीडास्पर्धांची सूचना आलेली असे. सर ती काढून शेजारी लावत आणि आपली सूचना पुन्हा मोकळी करत. माझ्याआधी दोन विद्यार्थ्यांना त्यांनी असं बाहेर पाठवलं होतं. त्यांचे पासपोर्ट, पोलीस पडताळणी, ना-हरकत दाखले, सगळं सरांनी रांगेत उभं राहून केलं. दोघे गेले, जग बघून आले आणि मोठ्या शहरांकडे निघून गेले. एक सॉफ्टवेअरमध्ये आहे, दुसरा विमा कंपनीत जोखीम मोजतो. या विषयात त्यांपैकी कोणी राहिलं नाही. म्हणजे सरांचा प्रत्येक यशस्वी प्रयत्न त्यांना आणखी एकटं करून जाई. मी एकदा तसं म्हणाले. सर म्हणाले, "मंग काय त्याईले दाव्यानं बांधून ठेवू?"

पाठवण्याआधीची त्यांची एक रीत होती. भाषण फळ्यावर, खडूने, एकही कागद न पाहता म्हणून दाखवायचं. स्लाइड बंद. "लाइन गेली तं काय करशीन?" श्रोते म्हणून ग्रंथालयातला शिपाई, सरांचे घरमालक आणि अंजनगावहून पानांच्या करंड्या घेऊन आलेले असतील तर त्यांचे धाकटे भाऊ यांना बसवलं जाई. या भावांची पानमळ्याची आणि केळीची शेती. सरांविषयी ते कोणालाही सांगत, "आमचा दादा कालेजात पायजम्याचे भोकं मोजते. त्याचा पगार भेटते त्याले." पण भाषण संपेपर्यंत ते हलत नसत आणि शेवटी हमखास विचारत, "हे ज्यानं शोधलं, त्याले पहिले माहीत होतं का असं निघन म्हणून?" इतका चांगला प्रश्न मला पुढे कुठल्याही परीक्षकाने विचारला नाही.

सरांची शिफारसपत्रं हा वेगळा विषय आहे. आपल्याकडे शिफारसपत्र म्हणजे आहेर असतो. दिसला चांगला की झालं, आत काय आहे ते कोणी पाहत नाही. सर त्यात उमेदवाराला काय येत नाही ते आधी लिहीत आणि लिहिलेलं त्यालाच वाचून दाखवत. "पाठीमागं बोलाची मले सवय नाही." माझ्याबद्दलचं मला आजही पाठ आहे. हिला निष्कर्षाची घाई असते. मधली पायरी ही उडी मारून ओलांडते. पण पडली तर कुठे पडली हे दुसऱ्या कोणी सांगायच्या आत हिलाच कळतं, आणि मग ही त्याच जागी परत येऊन बसते. पुढची दीड पानं माझ्या कामाबद्दल होती, आणि ती वाचून माझं काम मला पहिल्यांदा नीट समजलं.

माझी पीएच.डी. झाली त्याच्या पुढच्या वर्षी परिषद पोलंडमध्ये होती. सरांनी सूचना छापून आणली, चष्मा कपाळावर सारून माझ्यापुढे धरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नवा संशोधक कोण, तर पीएच.डी. मिळून पाच वर्षं झालेली नाहीत तो. वयाची अट कुठेही नव्हती.

"वकीलबाई, वाच. कायद्यानं मी नवा संशोधक आहो."

मी हिशेब केला. सरांची चार वर्षं आणि काही महिने झाले होते. वय अठ्ठावन्न. पुढच्या परिषदेपर्यंत ते नव्या संशोधकांतून बाद होणार होते आणि नोकरीतूनही. स्टाफरूममध्ये ही बातमी पसरली तेव्हा लोकांनी त्यांच्या नव्या करिअरनिमित्त चहा मागितला. सरांनी पाजला. मग त्यांनी खरोखर अर्ज लिहायला घेतला, आणि त्या महिन्यातले चार शनिवार आम्ही दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आपापला अर्ज लिहीत होतो. चौथ्या शनिवारी ते लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, "एक डाव अशा खोलीत बोलाचं हाये, का जिथं मले पायजमा काढाच लागणार नाही." मी हसले. तेही हसले, पण जरा उशिरा.

अर्जासोबत एक पत्र हवं होतं: अर्जदाराच्या कामाशी परिचित असलेल्या गणितज्ञाचं. माझं पत्र सरांचं होतं. सरांचं पत्र कोण देणार? त्यांचे गुरू गेलेले. मग आमच्याकडचं कोणीही करील तेच त्यांनी केलं. ते साहेबांकडे, म्हणजे विभागप्रमुखांकडे गेले. साहेबांनी उदारपणे "देऊन टाकू" म्हटलं आणि लिपिकाला सांगितलं. लिपिकाने शिफारसपत्राचा जो एकमेव नमुना संगणकात होता तो उघडला, नाव बदललं आणि लेटरहेडवर छापून दिला. साहेबांनी सही केली.

ते पत्र अपलोड करायला सरांनी माझ्याकडे दिलं, कारण त्यांच्या फोनला ते जमत नव्हतं. मी वाचलं. हा विद्यार्थी मेहनती, प्रामाणिक व आज्ञाधारक आहे. त्याची वर्तणूक माझ्या माहितीप्रमाणे चांगली आहे. तो वर्गात नियमित हजर असतो. त्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी मी शुभेच्छा देतो. खाली गोल शिक्का. पृष्ठभागांबद्दल, वक्ररेषांबद्दल, वीस वर्षं उगाळलेल्या त्या प्रश्नाबद्दल एक अक्षर नाही.

सरांनी ते माझ्या हातून घेऊन स्वतः वाचलं, घडी घातली आणि परत माझ्यासमोर ठेवलं. "खोटं तं काही नाही लिहिलं. वर्गात नियमित हजर असतो मी."

मी लॅपटॉप उघडला.

"मुदतीले अजून तीन दिवस हायेत न?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न पाहता. ते खडू शोधत होते आणि खडू त्यांच्या हातातच होता.

मी म्हणाले, "हो. पण चालेल सर हे. शिक्का आहे."

"चालते मंग," ते म्हणाले, आणि मी पत्र पाठवून दिलं.

पत्र लिहिणारा वयाने मोठा असावा, असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. कामाशी परिचय एवढंच लिहिलं होतं, आणि त्या कामाशी परिचित असलेली जिवंत व्यक्ती पृथ्वीवर एकच होती; ती त्यांच्यासमोर लॅपटॉप घेऊन बसली होती. ते मागणार नव्हते. आपल्या विद्यार्थिनीकडे स्वतःसाठी शब्द टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आणि मी पुढे झाले नाही, कारण गुरूची शिफारस शिष्याने करायची हा मला उद्धटपणा वाटला. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. दुसरंही कारण होतं. एकाच भागातून परिषदवाले दोघांना घेतील का, ही शंका मला त्या महिनाभर होती. ती मी सरांजवळ कधी बोलले नाही.

निकाल एकाच दुपारी आले. मी फोन केला तेव्हा सर म्हणाले, "माहा नकार मोठा सभ्य हाये. एका पानात दोनदा दिलगिरी. आपल्या युनिव्हर्सिटीनं तं मले होकारसुद्धा इतक्या अदबीनं कधी नाही कळवला." मग लगेच, "तुहा पासपोर्ट झाला का?" पंधरा दिवसांनी माझा सत्कार झाला. फ्लेक्सवर साहेबांचा फोटो माझ्या तिप्पट होता, आणि शाल पांघरताना ते माझ्या कानात म्हणाले, "आपण दोघांनाही पत्र दिलं असतं तर दोघंही गेले असते." त्यांनी पत्र दिलं होतं ते सरांना, मला नाही, हे ते विसरले होते. सर शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. ते अगदी मनापासून टाळ्या वाजवत होते, आणि मला नेमकं तेच सहन झालं नाही.

पोलंडमध्ये लाइन गेली नाही. माझं भाषण वीस मिनिटांचं झालं, कोणी घंटी वाजवली नाही, आणि समोरच्या तीस माणसांना मी काय म्हणते ते पहिल्या वाक्यापासून कळत होतं. तो अनुभव कसा असतो हे सांगणं अवघड आहे. जन्मभर मोठ्याने बोलावं लागलेल्या माणसाला अचानक हळू बोलायची परवानगी मिळावी, तसं काहीसं. त्या खोलीत उभी असताना मला सतत एकच माणूस आठवत होता.

तिसऱ्या दिवशी जेवताना निवडसमितीतल्या एक वयस्क बाई शेजारी येऊन बसल्या. माझ्या गळ्यातल्या पट्टीवरचं गावाचं नाव वाचून म्हणाल्या, "तुमचं शिफारसपत्र मी वाचलंय. आम्ही ते एकमेकांना वाचून दाखवलं. असं पत्र लिहिणारा माणूस स्वतः अर्ज का करत नाही?"

"केला होता," मी म्हणाले.

त्यांनी काटा खाली ठेवला आणि खरोखर आठवायचा प्रयत्न केला. "नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या लक्षात नाही."

परत आल्यावर सरांनी सहा शनिवार घेतले. मी ऐकलेलं प्रत्येक भाषण त्यांना फळ्यावर हवं होतं. कोणी काय विचारलं, उत्तर देताना कोण अडखळलं, खडू कसा होता, सगळं. तुमच्या पत्राचं त्यांनी कौतुक केलं, एवढं मी सांगितलं. "मंग?" त्यांनी विचारलं. "मग काही नाही," मी म्हणाले. पुढचं मी सांगितलं नाही, आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. सातव्या शनिवारी मी गेले नाही, माझ्या कॉलेजात परीक्षा होत्या. मग मूल्यमापन समितीची भेट आली, मग आणखी काही. शनिवार महिन्यावर गेला.

निवृत्तीनंतर ते अंजनगावला भावांकडे राहायला गेले. घरात सात-आठ माणसं, सगळी त्यांच्यावर जीव टाकणारी. मी गेले की भावजय म्हणत, "दादांचं काही खरं नाही, भिंतीकडं पाहून बोलून राह्यतेत." सर पानमळ्यातल्या सावलीत खुर्ची टाकून बसलेले असत. मी बसायच्या आत त्यांचं वाक्य सुरू होई, पण आता ते मागच्या भेटीतलं नसे. मधे त्यांनी एकट्याने बराच रस्ता कापलेला असे आणि मला मागून धावावं लागे. एकदोनदा मला पोचता आलं नाही. त्यांच्या ते लक्षात आलं, आणि ते केळीच्या भावाबद्दल बोलू लागले.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. धाकट्या भावाने फोन केला. तेराव्याच्या पंगती उठल्यावर तो मला बाजूला घेऊन गेला. "मॅडम, एक इचारू का? लोक इचारतेत का दादा काय करत होता. आमी पायजम्याचं सांगतो, ते हसतेत. खरं काय होतं ते सांगान का?"

अंगणातल्या मातीवर काडीने मी दोन वक्ररेषा काढल्या आणि पंधरा-वीस मिनिटं सांगत राहिले. तो उकिडवा बसून ऐकत होता. मधे त्याने मला दोनदा थांबवलं, दोन्ही वेळा नेमक्या जागी. सांगून झाल्यावर त्याने हात झटकले.

"म्हंजे काम चांगलं होतं त्याचं?"

"खूप चांगलं होतं."

"मंग हे कोनाले लिहून काहून नाही कळवलं कोनी?"

आरोप करण्यासाठी त्याने ते विचारलं नव्हतं. त्याला खरंच माहिती हवी होती. मी काडी खाली टाकली आणि पर्स उचलली. अकोल्याची बस चारला होती.

तशाच एका परिषदेसाठी आपल्याकडच्या तरुणांचे अर्ज चाळणाऱ्या छोट्या गटात आता मलाही घेतलं आहे. मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक, वर्तणूक चांगली, गोल शिक्का. असं पत्र दर खेपेला चार-पाच अर्जांना तरी जोडलेलं असतं. गटातले इतर ते बाजूला ठेवतात, आणि नियमाने त्यांचं बरोबर आहे. मी त्या अर्जावरचा फोन नंबर लावते. हे नियमात बसत नाही, आणि मी ते गटाला कळवलेलं आहे. फोन कुठे तरी पुसदला, नांदगाव खंडेश्वरला वाजतो. मी विचारते, तुझं काम आणखी कोणाला माहीत आहे? बहुतेक वेळा उत्तर येतं, कोणालाच नाही. मग मी म्हणते, मला सांग. आणि वही उघडते.